हौगांगचा कोंपिरा

आमच्या घरात बाबा राहायला आले तेव्हा मी सेकंडरी टूमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या आठवीत होते. वाक्य विचित्र वाटेल, पण घडलं ते तसंच. बाबा मरीन इंजिनिअर, माझ्या जन्माच्या आधीपासून जहाजांवर. डोंबिवलीच्या घरी ते सुट्टीवर यायचे, बॅगभर चॉकलेटं आणि अंगाला चिकटलेला डिझेलचा वास घेऊन, आणि आम्हा दोघींना त्यांची सवय होतेय न होतेय तोवर परत जायचे. पुढे आईला सिंगापुरात नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली. कामाचा पास तिच्या नावावर झाला आणि आम्ही दोघी हौगांगमधल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. शाळा, एमआरटीची मेट्रो, बाजारातली कुठली कोळीण, म्हणजे तिथली आंटी, ताजी सुरमई देते, हे सगळं आम्ही दोघींनी मिळून शोधलं. तिथे सुरमईला बातांग म्हणतात हे आईला कळायला बरेच दिवस लागले. तोवर ती बोट दाखवूनच मासे घ्यायची. मग बाबांनी ठरवलं, बास झाला समुद्र. त्यांनी सिंगापुरातल्याच एका जहाज कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी घेतली आणि एका दुपारी सुटकेसा घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. घर आमचं होतं. कुठल्या बटणानं कुठला पंखा लागतो हे आम्ही त्यांना शिकवलं.

त्यांना घरात राहता येत नव्हतं, असं आज मला म्हणावंसं वाटतं. तेव्हा मात्र ते फार विनोदी वाटायचं. ते ऑफिसातून येऊन हातपाय धुवून सोफ्यावर बसायचे, आणि थोड्या वेळानं उठून फ्रिजपाशी जायचे. दार उघडायचे नाहीत, नुसता कान देऊन उभे. "कॉम्प्रेसर ठीक आहे," असं म्हणून परत येऊन बसायचे. वॉशिंग मशिनच्या थरथरीवर त्यांचं लक्ष असे. आमच्या वरच्या मजल्यावरून संध्याकाळी गोट्या सांडल्यासारखा आवाज येतो, तो हौगांगातच काय, सगळ्या सिंगापुरातल्या फ्लॅटांत येतो आणि कोणी त्याच्या वाटेला जात नाही. बाबांनी मात्र पाइपांचा अभ्यास सुरू केला. आई म्हणायची, "अहो, इथे काही बुडत नाहीये. बसा की जरा." ते बसायचे. पण खुर्चीच्या कडेवर.

आणि आमच्याशी काय बोलायचं हे त्यांना सुचत नसे. मला ते रोज विचारायचे, "शाळा कशी आहे?" मी तिथल्या मुलांसारखं म्हणायची, "ओके लाह." पुढे दोघांकडेही काही नसायचं.

कोंपिरा घरी आला तो असा. बाबांनी आयुष्यातली सगळ्यात जास्त वर्षं ज्या जहाजावर काढली होती, ते जहाज मोडीत निघालं. जपानी मालकाचं, जपानमध्येच बांधलेलं, आता थकलेलं. मोडणाऱ्यांच्या ताब्यात देण्याआधी ते सिंगापूरच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं आणि कागदपत्रांसाठी बाबा लाँचनं तिथे गेले. संध्याकाळी परतले तेव्हा त्यांच्या काखेत इंजिन रूममध्ये घालायच्या जुन्या बॉयलर सूटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी जेवणाच्या टेबलावर अलगद ठेवलं आणि गुंडाळी सोडली. आत बिनरंगाच्या लाकडाचं एक छोटंसं घर निघालं. उतरतं छप्पर, पुढे दोन चिमुकली दारं, एक पायरी.

"अहो, हे काय?" आईनं विचारलं.

"देव आहे."

"कुणाचा?"

बाबा जरा घुटमळले. "जहाजाचा. ब्रिजवर असायचा, भिंतीवर, सुकाणूच्या मागे. सगळ्या जपानी जहाजांवर असतो. ते लोक भंगारात टाकणार होते गं. मला नाही बघवलं."

आईनं त्या लाकडी घराकडे पाहिलं, मग बॉयलर सूटकडे, मग बाबांच्या हातांकडे. "आधी अंघोळ करून या," ती म्हणाली, "आणि तो सूट देवाखालून काढा."

तिचा राग होता तो तेवढाच. अंघोळ होईस्तोवर तिनं आमच्या देव्हाऱ्याशेजारची फळी रिकामी केली होती. पण बाबा म्हणाले, हा देव उंचावर लागतो, माणसाच्या डोळ्यांच्या वर, आणि तोंड पूर्वेला किंवा दक्षिणेला. मग पुस्तकांच्या कपाटाच्या माथ्यावर जागा निघाली. "आणि याच्या डोक्यावरून कोणी चालता कामा नये," बाबांनी सांगितलं. आम्ही तिघांनी छताकडे पाहिलं. वर कितीतरी मजले होते, आणि नेमक्या त्याच वेळी गोट्या सांडल्या. आईला असं हसू फुटलं की तिला खाली बसावं लागलं. त्या घरात बाबांमुळे आई हसली, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यावरही तोड निघाली, ती मुराता-सान यांच्याकडून. मुराता-सान म्हणजे त्याच जहाजावरचे जुने कप्तान; जपानी 'सान' म्हणजे आपलं 'जी'. निवृत्त होऊन कंपनीचे सल्लागार म्हणून सिंगापुरात राहत होते, एकटेच. देव आमच्याकडे आल्याचं कळताच त्यांनी बाबांना फोन केला आणि आईनं त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. ठेंगणे, पाठ ताठ, पांढरा शर्ट, हातात तांदळाच्या दारूची छोटी बाटली. ती आपल्यासाठी आहे असं बाबांना वाटलं. ती देवासाठी होती. मुराता-सान बूट काढून थेट कपाटासमोर गेले, दोनदा कमरेत वाकले, दोन टाळ्या वाजवल्या, हात जोडून डोळे मिटले आणि पुन्हा एकदा वाकले. मग मागे वळून छताकडे बोट दाखवत माझ्याकडे कागद मागितला. वर लोक राहत असले, तर छताला कागद चिकटवतात आणि त्यावर 'ढग' असं लिहितात, त्यांनी सांगितलं. म्हणजे देवाच्या डोक्यावर फक्त आकाश उरतं. ते जपानी अक्षर लिहायला निघाले, पण मग थांबून मार्कर त्यांनी मला दिला. "तुमच्या घरी तुमचं अक्षर," ते म्हणाले. मी ठळक देवनागरीत 'ढग' लिहिलं, बाबांनी खुर्चीवर चढून तो कागद छताला चिकटवला.

जेवायला आईनं तळलेली बातांग, आमटी, भात आणि सोलकढी केली होती. सोलकढीचा रंग पाहून मुराता-सान यांनी वाटी उजेडात धरली, एक घोट घेतला, मग सगळी संपवली आणि पुन्हा मागितली. आईच्या दृष्टीनं ते तिथेच घरचे झाले. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, आमचं भरधाव. मधली जागा बाबा भरायचे. देवाचं नाव कोंपिरा, त्यांनी सांगितलं. शिकोकू नावाच्या बेटावर एका डोंगरावर त्याचं मोठं देऊळ आहे, खूप पायऱ्या चढाव्या लागतात. समुद्रावरच्या माणसांना सांभाळणारा देव. "पण तो मूळचा जपानी नाही," ते म्हणाले आणि आईकडे पाहून मान लववली. "तो तुमच्या देशातून आला. गंगा नदीतली मगर. कुंभीरा."

आईचा घास हातात राहिला. "कुंभीर! अहो, कुंभीर म्हणजे मगरच. शाळेत संस्कृतला होता आम्हाला." मग मला म्हणाली, "बघ, आपलाच निघाला." मुराता-सान पुढे म्हणाले की ज्या डोंगरावर देऊळ आहे त्याला हत्तीच्या डोक्याचा डोंगर म्हणतात, तेव्हा तर तिनं हातच जोडले. जपानी लोकांची श्रद्धा, देवळाचा इतिहास, सगळं बाजूला राहिलं. आईच्या लेखी एक प्रकरण निकालात निघालं होतं. फक्त दोन टाळ्यांबद्दल तिला आश्चर्य होतं. "दोनच? आमच्याकडे आरतीला हात लाल होतात."

फार पूर्वी तिथे बुद्धाचं आणि जपानच्या मूळच्या शिंतो देवांचं एकाच आवारात, एकमेकांत मिसळून चालायचं, हे मुराता-सान यांनी सांगितलं तेव्हा मला गंमत वाटली. मग सरकारचा हुकूम निघाला की दोन्ही वेगळे करा. देवळाचं नाव बदललं, देवालाही नवं अधिकृत नाव मिळालं. "आणि खलाशी?" बाबांनी विचारलं. मुराता-सान यांनी खांदे उडवले. "खलाशी अजून कोंपिरा-सानच म्हणतात. वादळात नवीन नाव कोणाला आठवतं?"

शेवटी त्यांनी ती छोटी दारं उघडून दाखवली. आत पांढऱ्या कागदात गुंडाळलेली एक लाकडी पट्टी उभी होती. कागद पिवळा पडला होता. तिला ओफुदा म्हणतात. खरा देव ते लाकडी घर नव्हे, ही पट्टी. ती दर वर्षी बदलायची असते आणि जुनी देवळात परत द्यायची असते, तिथे ती मंत्र म्हणून अग्नीला देतात. ही कितीतरी वर्षं बदललेलीच नव्हती, आणि आता तर जहाजच उरलं नव्हतं. "याचं काम संपलं," मुराता-सान हळूच म्हणाले. "आता याला घरी पाठवायला हवं. घाई नाही. पण पाठवायला हवं."

स्वतःच जायला हवं असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पूर्वी खलाशांना जहाज सोडून डोंगर चढायला कुठून जमायचं? मग ते एका पिंपात दक्षिणा भरून, वर झेंडा लावून, पिंप समुद्रात सोडून द्यायचे. ज्या कोळ्याला ते सापडेल तो ते देवळात पोचवायचा, दोघांनाही पुण्य. कोणी तर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात थैली बांधून त्यालाच यात्रेला धाडायचे. वाटेतले लोक कुत्र्याला खायला घालायचे, पुढच्या गावाच्या वाटसरूंच्या ताब्यात द्यायचे, आणि कुत्रं दर्शन घेऊन परत यायचं.

"सो क्यूट लाह!" मी ओरडले, आणि मुराता-सान पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

त्यानंतरच्या सकाळी माझ्या लक्षात राहिल्या आहेत त्या आवाजांनी. अजून उजाडायचं असे, खालच्या झाडांवर कोकीळ बेंबीच्या देठापासून ओरडत असे, आई स्वयंपाकघरात डब्यासाठी थालीपीठ थापत असे, आणि मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, बाबा बनियनवर, असे आम्ही कपाटासमोर उभे. कोंपिराचं पाणी, तांदूळ आणि मीठ बदलायचं काम आमच्या दोघांकडे आलं होतं, कारण आई म्हणाली, "माझे देव मला पुरेत." वाकायचं, टाळ्या, पुन्हा वाकायचं. आमच्या टाळ्या कधीच एकत्र पडायच्या नाहीत, मग आम्ही ते पुन्हा करायचो. तिथे उभ्या उभ्या आम्ही बोलायला लागलो. मी विचारायची, वादळात देव भिंतीवरून पडायचा का? ते सांगायचे, त्याला खिळे मारलेले असत, पण एकदा तांदळाची वाटी थेट कप्तानाच्या डोक्यावर उलटली होती. हळूहळू मीही सांगू लागले: शाळेत मला हिंदी कशी जमत नाही, माझी मैत्रीण माझ्याशी का बोलत नाही. शाळा कशी आहे, असं त्यांनी नंतर कधी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती.

शेजारच्या चिनी आंटींनी एकदा उघड्या दारातून ते जपानी देऊळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. आंटी खूप वयस्क होत्या. आईनं त्यांना आत बोलावून चहा दिला आणि सरळच विचारलं, याचा तुम्हाला त्रास होतो का? आंटींनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, महायुद्धात सिंगापूर जपानच्या ताब्यात होतं तेव्हा जपानी सैनिकांनी इथल्या जंगलात, जलाशयाकाठी, एक मोठं देऊळ बांधलं होतं. कैद्यांकडून काम करून घेऊन. हरल्यावर त्यांनीच ते जाळलं. त्या तेव्हा लहान होत्या; घरातली मोठी माणसं त्या देवळाचं नाव काढलं की गप्प व्हायची. "हा तो देव आहे?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, नाही, हा खलाशांचा आहे, समुद्रावरचा. आंटींनी वर पाहिलं. "माझे वडील मासे पकडायचे," त्या म्हणाल्या. "समुद्राचा देव ओके." दुसऱ्या दिवशी दाराशी संत्र्यांची पिशवी होती. आई ती फळं चिरायला निघाली, तर बाबा म्हणाले, थांब, आधी वर ठेव.

असे महिने गेले आणि ओफुदा काही घरी जाईना. बाबा म्हणत, बघू, जाणारं कोणी मिळालं की देऊ. शेवटी कंपनीचंच एक जहाज, जे जपान आणि सिंगापूरमध्ये फेऱ्या मारायचं, बाहेर नांगरून उभं राहिलं. त्याचे कप्तान बाबांच्या ओळखीचे होते आणि न्यायला आनंदानं तयार होते. मला जूनची सुट्टी होती. आई म्हणाली, "केतकीला घेऊन जा. देव तिनंच सांभाळलाय, तिलाच देऊ दे." बाबांनी परवानगी काढली. मुराता-सान यांनी ओफुदा नव्या पांढऱ्या कागदात बांधून दिली आणि मी ती छातीशी धरून वेस्ट कोस्टच्या धक्क्यावरून लाइफ जॅकेट घालून लाँचमध्ये बसले.

जहाज लांबून खेळण्यासारखं दिसतं आणि जवळ गेलं की भिंत होतं. त्या भिंतीवरून लटकलेल्या शिडीनं आम्ही वर गेलो. बाबा माझ्या मागे, एक पायरी खाली. आणि वर डेकवर पाय ठेवल्याबरोबर माझ्या मागून एक वेगळाच माणूस पुढे आला. चीफ इंजिनिअरला मारतात तशी कोणीतरी "चीफ!" अशी हाक मारली, कोणीतरी पाठीवर थाप दिली. एका फिलिपिनो खलाशानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि बाबा हसले. मान मागे टाकून, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी चौदा-पंधरा वर्षं त्यांची मुलगी होते आणि ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. खाली इंजिन रूममध्ये त्यांनी मला नेलं. इतका आवाज की छातीत धडधड व्हावी, इतकी उष्णता की चष्म्यावर वाफ. आणि बाबा तिथे सैल उभे होते. खांदे खाली, हात खिशात. आमच्या सोफ्यावर ज्यांना नीट बसता येत नव्हतं ते हेच, हे मला पटेना.

वर मेसमध्ये कप्तानांनी आम्हाला डाळभात आणि लोणचं वाढलं. जेवता जेवता ते म्हणाले, "चीफ, आमचे इंजिनिअर पुढच्या महिन्यात उतरतायत. तुम्हीच या की. जपानची फेरी, आणि दर फेरीला सिंगापूर." बाबा हसले आणि लोणच्याची फोड ताटात इकडून तिकडे सरकवत राहिले. नाही म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली. ते नाही म्हणालेच नाहीत.

निघताना कप्तानांनी दोन्ही हात पुढे केले. मी पुडकं घट्ट धरलं.

"दे ना गं," बाबा म्हणाले.

"नको," मी म्हणाले. "तुम्हीच न्या ना, बाबा. तुम्ही या जहाजावर जा आणि तुम्हीच द्या."

कप्तान शहाणे होते. त्यांनी हात मागे घेतले आणि समुद्राकडे बघायला लागले. परतीच्या लाँचमध्ये मी रडले, आणि खारं पाणी उडतंय असं म्हणाले. ते म्हणाले, "हो, आज वारा आहे." त्या दिवशी वारा अजिबात नव्हता.

घरी आई डाळ शिजत लावून वाट पाहत होती. मी पुडकं टेबलावर ठेवलं. "दिलं नाहीत?" तिनं विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, गॅस बारीक केला.

"करार किती महिन्यांचा आहे?"

"तुला कोणी सांगितलं?" बाबा चकित.

"सांगायला कशाला हवं? आल्यापासून माझ्या फ्रिजला काय होतंय ते बघताय. फ्रिजला काही होत नाहीये." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "तुम्ही आमच्यासाठी उतरलात, हे कळतं मला. पण मला घरात माणूस हवाय, पाहुणा नको. जा. मोकळे होऊन या."

"केतकीचं काय?"

"तिनंच तर पुडकं परत आणलंय," आई म्हणाली आणि मला जवळ घेतलं. तिच्या हाताला हळद होती, ती माझ्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या टी-शर्टला लागली आणि कधी गेली नाही.

ते गेले. पण हे जाणं डोंबिवलीतल्या जाण्यासारखं नव्हतं. दर काही आठवड्यांनी जहाज सिंगापूरला यायचं आणि कधी दिवसभरासाठी, कधी दुपारपुरते बाबा घरी यायचे, आणि सोफ्यावर चक्क आडवे व्हायचे. फ्रिज बिघडला तेव्हा त्यांना पत्ताही नव्हता. आईनं माणूस बोलावून दुरुस्त करून घेतला. आम्ही दोघं खूप बोलायचो, कारण बोलायची सवय लागलेली होती. आज मला कोणी विचारलं की वडिलांची आणि तुझी ओळख कधी झाली, तर मी सांगते, ते समुद्रावर परत गेले त्या वर्षी. ऐकणाऱ्याला ते उलटं वाटतं. मला नाही वाटत.

जपानमध्ये त्यांना पुरेसा वेळ मिळायला बऱ्याच फेऱ्या जाव्या लागल्या. मग एका रविवारी आम्ही जेवायला बसत होतो, मुराता-सानही होते, आणि फोन वाजला. आईनं तो स्पीकरवर टाकला. आधी नुसता धापा टाकण्याचा आवाज. मग बाबा म्हणाले, वर पोचलो, ओफुदा दिली, भटजींनी दोन्ही हातांनी घेतली. खूप पायऱ्या आहेत, गुडघे गेले. वरून खालचं मैदान दिसतंय, आणि लांबवर समुद्र. मुराता-सान यांनी डोळे पुसले आणि ताटाकडे बघत राहिले. मग बाबा म्हणाले, "आता लगेच उतरतो, स्टेशन गाठतो, तुम्हाला रात्री परत फोन करतो."

आईनं इतकी वर्षं त्या माणसाची उतावीळ होऊन वाट पाहिली होती. तिनं फोन जवळ ओढला.

"अहो, सावकाश उतरा," ती म्हणाली. "आम्हाला काही घाई नाहीये."